दोन वर्षांचा बोका, वजन सव्वासहा किलो. खाणं कसं आवरावं?

वैदेही_वसमत

नमस्कार मंडळी. आमचा हळद्या दोन वर्षांचा केशरी बोका आहे. गेल्या वर्षी त्याची नसबंदी केली, तेव्हापासून अंग धरत गेला. परवा आडतीच्या काट्यावर बसवला तर ६ किलो २०० ग्रॅम भरला. डॉक्टरांनी तपासलं, रक्त-लघवीही बघितली. आजार काही नाही, पण वजन साडेचार किलोच्या आसपास हवं म्हणाले.

घरचं चित्र सांगते म्हणजे सल्ला द्यायला बरं पडेल. एकत्र कुटुंब, हळदीचा आणि सोयाबीनचा व्यापार, घराला लागूनच गोदाम. आजी सकाळ-संध्याकाळ म्हशीच्या दुधाची वाटी देते. कोरडं खाद्य ताटलीत दिवसभर भरलेलंच असतं. हंगामात अंगणात हळद शिजवायला, पॉलिशला माणसं असतात, दुपारी जेवताना तीही भाकर कुस्करून कालवणात भिजवून घालतात. पुतण्या बिस्किटं देतो. सगळ्यांचा जीव आहे त्याच्यावर.

आता त्याला माडीचा जिना एका दमात चढवत नाही. पाठीच्या मागच्या भागापर्यंत जीभ पोचत नाही, तिथल्या केसांच्या गाठी होतात. आपल्याकडचा उन्हाळा तोंडावर आलाय, त्याची मला जास्त काळजी आहे. उपाशी ठेवायचं नाही, पण वजन उतरवायचंच आहे. किती द्यावं, कशात मोजावं, घरच्यांना कसं सांगावं?

गोदातीर

वैदेहीताई, आधी काहीच बदलू नका. चार-पाच दिवस वही ठेवा. त्याच्या तोंडात जे जे जातं ते लिहा, कोणी दिलं तेही लिहा. आमच्या नांदेडच्या घरी शेजारच्या दोन दारांतूनही मांजराला खाणं मिळत होतं, हे वही केल्यावरच कळलं. नुसती ताटली कमी करून काही उपयोग झाला नसता.

शेतकरी_सेनगाव

एवढा विचार कशाला करायला? दोन दिवस काही घालू नका, आपोआप उंदराच्या मागं लागतंय. पोट भरलेलं मांजर उंदीर धरत नसतंय. आमच्या आखाड्यावरची मांजरं बघा, एकपण जाड नाही.

पशुवैद्य_परभणी

शेतकरीदादा, तुमचा अनुभव आखाड्यावरच्या सडसडीत मांजरांचा आहे. जाड मांजराला हाच उपाय केला तर ते दगावू शकतं, म्हणून सविस्तर लिहितो.

लठ्ठ मांजराचं खाणं एकदम बंद झालं की शरीर साठवलेली चरबी भराभर यकृताकडे पाठवतं. मांजराच्या यकृताला एवढी चरबी हाताळता येत नाही. ती पेशींत साचत जाते आणि यकृत काम सोडतं. याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणानंतरही हे सुरू होऊ शकतं. मांजर मलूल होतं, उलट्या होतात, कानाच्या आतली कातडी आणि हिरड्या पिवळ्या दिसू लागतात. मग नळीने आठवडेच्या आठवडे अन्न द्यावं लागतं आणि तरी सगळी वाचत नाहीत. म्हणून वजन उतरवताना पहिला नियम हा, की मांजर रोज खाल्लंच पाहिजे. चोवीस तास तोंडाला काही लावलं नाही तर वाट बघत बसू नका, दवाखाना गाठा. नवं खाद्य आणलं आणि ते त्याने नाकारलं, तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून अडून बसू नका. जुनं द्या आणि बदल आठ-दहा दिवसांत थोडा थोडा करा.

आता हळद्याचा हिशोब. तो त्याच्या आजच्या वजनावर करायचा नसतो, जिथे पोचायचं त्या वजनावर करायचा. साडेचार किलोच्या मांजराला नुसतं पडून राहायला दिवसाला सुमारे २१५ कॅलरी लागतात. वजन उतरवण्यासाठी सुरुवातीला त्याच्या ८० टक्के धरतात, म्हणजे १७० ते १७५. कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात. म्हणजे त्याचं दिवसभराचं कोरडं खाद्य झालं जेमतेम ४५ ग्रॅम. तळहातावर घेऊन बघा, फार थोडं दिसतं. पाकिटावरचा आकडा बघून हा हिशोब तुमच्या खाद्यापुरता करून घ्या.

याच्या शेजारी आजींचं दूध ठेवा. म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के, १०० मिलीला जवळपास १०० कॅलरी. वाटी शंभर मिलीची धरली तरी दोन वाट्यांच्या २०० झाल्या. त्याची दिवसभराची सगळी गरज दुधातच भागून वर थोडं उरतं. ताटली, भाकर, बिस्किटं हे सगळं त्यावर. ग्लुकोजच्या एका बिस्किटात २०-२५ कॅलरी असतात, त्याच्या दिवसाच्या कोट्याचा सातवा-आठवा हिस्सा. तो खादाड नाही, वैदेहीताई. त्याच्यापुढे येतं ते तो खातो. नसबंदीनंतर मांजराची ऊर्जेची गरज सुमारे पाव हिश्श्याने घटते आणि भूक मात्र वाढते. वाढवायचं नाही, उलट कमी करायचं, हे त्याच वेळी घरोघर सांगायला हवं, आणि आम्ही डॉक्टर मंडळी ते पुरेसं सांगत नाही असं माझं मत आहे.

दुधाबद्दल आणखी एक. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. पातळ संडास, पोट फुगणं त्यातून होतं. मांजराला दुधाची गरज नाही. पाणी हवं.

वजन किती वेगाने उतरावं? आठवड्याला अर्धा ते एक टक्का. हळद्यासाठी ३० ते ६० ग्रॅम. दोन टक्क्यांच्या वर कधीही जाऊ देऊ नका. म्हणजे हे कमीत कमी सात-आठ महिन्यांचं काम आहे. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर महिन्याभरात ‘काही फरक पडत नाही’ म्हणून सगळे सोडून देतात.

आडतीचा काटा बहुधा ५० ग्रॅमच्या खाली दाखवत नसेल. लहान बाळाचा काटा किंवा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा मिळाला तर बरं. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, खाण्याआधी. खाद्यासाठी स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा हवाच. वाटी-चमच्याने मोजू नका, ४५ ग्रॅममध्ये दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तर पाव हिश्शाचा फरक पडतो.

आणि काट्याइतकाच हातावर विश्वास ठेवा. हात सपाट ठेवून पालथ्या पंजावरून बोट फिरवा, हाडं जशी पातळ कातडीखाली लागतात तशा त्याच्या बरगड्या लागल्या पाहिजेत. दाबूनही बरगडी सापडत नसेल तर चरबी आहे. वरून बघितलं तर बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसावी. मागच्या पायांच्या मध्ये लोंबणारी सैल कातडी मात्र बारीक मांजरांनाही असते, तिच्यावरून ठरवू नका.

शेतकरी_सेनगाव

डॉक्टरसाहेब, हे यकृताचं माहीत नव्हतं. माझ्या बहिणीचं मांजर जाडच आहे, तिला आजच सांगतो. पण उंदराचं काय? खाऊ घातल्यावर मांजर उंदीर धरंल का?

पशुवैद्य_परभणी

धरतं. शिकारीची ओढ पोटाच्या भुकेवर पूर्ण अवलंबून नसते. पोट भरलेलं मांजरही हालचाल दिसली की झेप घेतं, कधी मारून न खाता सोडून देतं. हळद्या उंदीर धरत नसेल तर त्याला वेगाने पळवत नाही हे कारण असण्याचा संभव जास्त.

गोदामाचा विषय निघालाच आहे तर, तिथे उंदरांचं औषध ठेवता का? झिंक फॉस्फाइड किंवा रक्त पातळ करणाऱ्या वड्या खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरालाही विषबाधा होऊ शकते. मांजर असलेल्या गोदामात पिंजरेच वापरा.

मनीची_मावशी

मी अंबाजोगाईची. वैदेही, पोरी, आजीशी भांडू नकोस. आमच्या घरात सासूबाईंच्या मायेनेच मांजर वाढलं होतं. ‘मुक्या जिवाला उपाशी मारता’ म्हणून त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. मग मी एक केलं. सकाळी दिवसभराचं सगळं खाद्य मोजून एका स्टीलच्या डब्यात भरून तो डबा त्यांच्याच हवाली केला. ज्याला मांजराला घालायचंय त्याने त्यांच्याकडून घ्यायचं, डब्यातलंच घ्यायचं. डबा रिकामा झाला की दिवस संपला. सासूबाई एवढ्या कडक झाल्या की मलासुद्धा विचारल्याशिवाय दाणा देईनात. त्यांचं देणं बंद झालं नाही, उलट दिवसातून पाच-सहा वेळा त्याच देतात. मांजराला तरी काय, किती दिलं यापेक्षा कितीदा दिलं हेच कळतं.

पशुवैद्य_परभणी

मावशी, तुमचा डबा मी आता माझ्याकडे येणाऱ्या लोकांना सांगणार. शास्त्रही तेच म्हणतं. मांजर मुळात दिवसातून अनेकदा छोटं सावज खाणारा प्राणी. चार-पाच-सहा छोटी जेवणं त्याला दोन मोठ्यांपेक्षा मानवतात. ताटली मात्र भरून ठेवायची नाही, खाल्लं की उचलायची.

उदगीरकर

आमच्याकडे एक अडचण आहे. घर शाकाहारी, घरात अंडंही येत नाही. मांजर तीन वर्षांची, तीही जाड. वरण-भात, दूध-पोळी, तूप असंच खाते. अशा घरात काय करावं? मांस न देता वजन उतरवता येईल का?

पशुवैद्य_परभणी

उदगीरकर, तुमच्या मांजरीचा प्रश्न वजनापेक्षा मोठा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचं एक अमिनो आम्ल तिच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते अन्नातूनच मिळावं लागतं, आणि वनस्पतींत ते जवळजवळ नसतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदयाचा स्नायू ढिला पडून हृदय फुगतं. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवला, त्यानंतर तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं. वरण-भात आणि दूध-पोळीवर मांजर जाड दिसतं, पण आतून कुपोषित असतं.

घरात मांस शिजवायची गरज नाही. मांजरासाठीचं तयार संपूर्ण खाद्य आणा, कोरडं किंवा पाऊचमधलं. ताटली, चमचा वेगळा ठेवा. अनेक शाकाहारी घरं असंच करतात. कुत्र्याचं खाद्य मात्र चालवू नका, त्यात मांजराला पुरेल एवढं टॉरिन असेलच असं नाही. तुम्ही उदगीरला आहात, तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. एकदा डोळे आणि हृदय तपासून घ्या.

आणि जे मांस शिजवतात त्यांच्यासाठी. नुसतं उकडलेलं चिकन हेही पूर्ण अन्न नाही, त्यात कॅल्शियम अगदी कमी असतं. बक्षीस म्हणून दोन-तीन छोटे तुकडे ठीक, दिवसाच्या कॅलरीच्या दहाव्या हिश्शापर्यंत. रस्सा नको. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवल्याने ते विष जात नाही. भाकर कालवणात भिजवून घालणाऱ्या मंडळींना हे आवर्जून सांगा.

उदगीरकर

समजलं. आईशी बोललो, वेगळ्या ताटलीला तिची हरकत नाही. तिलाच आता मांजरीच्या डोळ्यांची चिंता लागली. उद्या सकाळी घेऊन जातो.

गोदातीर

कोरडं बरं की पाऊच? आमच्या डॉक्टरांनी पाऊच सुचवलं, पण महाग जातं.

पशुवैद्य_परभणी

कोरड्या खाद्यात पाणी आठ-दहा टक्के, पाऊचमध्ये पाऊणशे टक्क्यांच्या वर. म्हणून तेवढ्याच कॅलरीत पाऊचचं पोट जास्त भरतं, पाणीही जातं. खर्च झेपत नसेल तर एक जेवण पाऊचचं, बाकी कोरडं. किंवा कोरड्यात कोमट पाणी घालून द्या. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो तेव्हा भिजवलेलं अर्ध्या तासावर ठेवू नका, आंबतं, त्यावर माश्या बसतात.

ज्यांना खूप उतरवायचंय त्यांच्यासाठी वजन कमी करायचं खास खाद्य मिळतं. साधंच खाद्य फार कापलं तर कॅलरीबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही कापली जातात आणि चरबीऐवजी स्नायू झिजतात. खास खाद्यात प्रथिनं, तंतू जास्त ठेवलेले असतात. लहान गावात दुकानात मिळत नाही, पार्सलने मागवावं लागतं. हळद्याला पाव हिश्श्याच्या वर वजन उतरवायचं आहे, म्हणून त्याच्यासाठी मी तेच सुचवेन.

बोक्यांच्या मालकांनी एक लक्षण पाठ करावं. जाड, नसबंदी झालेला, कोरडं खाणारा, पाणी कमी पिणारा बोका लघवीला अडतो. मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो, थेंब येत नाही. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ आहे. तसं दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

वैदेही_वसमत

सगळ्यांचे मनापासून आभार. वही केली. दूध, बिस्किटं, कालवण, ताटली मिळून रोज चारशेच्या वर कॅलरी जात होत्या. डॉक्टर, चारशेवरून एकदम पावणेदोनशेवर आणायचं का? मला भीती वाटते.

पशुवैद्य_परभणी

भीती रास्त आहे. एकदम नको. पहिला आठवडा दूध निम्मं, त्यात पाणी. दुसऱ्या आठवड्यात दूध बंद, बिस्किटं आणि कालवण बंद. एवढ्यानेच आकडा बराच खाली येईल. मग दर आठवड्याला थोडं कमी करत १७५ ला या. त्यात तो खातोय ना, चपळ आहे ना, एवढं बघा.

वैदेही_वसमत

डबा आजीकडे दिला. मावशी, तुम्ही म्हणालात तसंच झालं, आता आजी पुतण्याला डब्याला हात लावू देत नाही. त्याला बिस्किटाऐवजी डब्यातलेच चार दाणे देते, ते तो अंगणात लांब फेकतो आणि हळद्या धावत जाऊन शोधतो. अंगणातल्या माणसांशी मी स्वतः बोलले, कांदा-लसणाचं सांगितलं. त्यातल्या एका काकूंनी तर बाकीच्यांनाच दटावलं.

पहाटेचा प्रश्न आहे. चार वाजता छातीवर येऊन ओरडतो.

मनीची_मावशी

उठून घालायचं नाही. एकदा घातलंस की रोज चार वाजता उठवेल. डब्यातला शेवटचा वाटा रात्री झोपताना दे. आणि सकाळचं खाणं तू उठल्याबरोबर नको, अंघोळ-चहा झाल्यावर. तुझं उठणं आणि त्याचं खाणं यांचा संबंध तुटला पाहिजे. आठ-दहा दिवस ओरडेल, नंतर सोडतो.

गोदातीर

याला जोडून एक खेळ. पाण्याची छोटी रिकामी बाटली घ्या, दाण्यापेक्षा थोडी मोठी भोकं तीन-चार पाडा, कडा मेणबत्तीने गुळगुळीत करा. आत दहा ग्रॅम दाणे. लोळवलं की एकेक पडतो. आमची मांजर अर्धा तास त्यातच रमते, आणि दारोदार जायची कमी झाली. बाहेर जाणाऱ्यांसाठी गळ्यात पट्टा घालून ‘मला खाऊ घालू नका, माझं पथ्य आहे’ अशी चिठ्ठीही चालते. पट्टा मात्र ओढ बसली की आपोआप सुटणारा घ्या, नाहीतर फांदीला अडकून फास लागतो.

वैदेही_वसमत

बाटली आवडली त्याला! वजनाचं सांगते. पहिला महिना छान उतरलं, दुसऱ्यातही. आज ५ किलो ७२० ग्रॅम. जिना चढतो, पाठ चाटायला लागलाय, गाठी कमी झाल्या. पण गेले तीन आठवडे काटा हलत नाही. घरात कोणी चोरून देत नाही याची खात्री केली.

पशुवैद्य_परभणी

उत्तम चाललंय. वजन उतरलं की शरीराची गरजही कमी होते, म्हणून असं थांबतं. आधी खाद्याचा काटा तपासा, पाकीट बदललं असेल तर कॅलरीचा आकडा पुन्हा बघा. सगळं ठीक असेल तर दिवसाच्या खाण्यातून पाच ते दहा टक्के कमी करा, म्हणजे दोन ते साडेचार ग्रॅम, आणि तीन आठवडे थांबा. त्याखाली स्वतःच्या मनाने जाऊ नका, आधी दाखवा.

उन्हाळ्यात त्याला संध्याकाळी उशिरा आणि पहाटेच खेळवा. मांजराला घाम फक्त पंजांना येतो, जाड मांजराच्या अंगातली उष्णता लवकर निघत नाही. तोंड उघडून धापा टाकताना दिसला तर तो खेळून दमला असं समजू नका. सावलीत घ्या, अंगावरून ओला हात फिरवा आणि दवाखान्यात न्या. घरात दोन-तीन ठिकाणी पसरट भांड्यात पाणी ठेवा, खाण्याच्या ताटलीपासून लांब.

साडेचारला पोचला की जुन्या मापावर जायचं नाही. दर दोन आठवड्यांनी दहा टक्के वाढवत जा, ज्या मापावर वजन स्थिर राहील तेच त्याचं कायमचं माप.

जालन्याची_जुई

धागा सगळा वाचला. माझं पिल्लू आठ महिन्यांचं आहे आणि गोलमटोल दिसतंय. त्याचंही आत्तापासून कमी करू का?

पशुवैद्य_परभणी

नाही. वर्षभराचं होईपर्यंत ते वाढतंय, पिल्लांचं खाद्यच द्या, पण मोजून आणि वेळेवर. ताटली भरून ठेवू नका. नसबंदी झाली असेल तर मापाबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि नुसतं पोटच टम्म असेल, पाठीचा कणा हाताला टोचत असेल, तर ती चरबी नसते. जंत असतात, किंवा पोटात पाणी धरणारा आजार असतो, तो लहान मांजरांतच जास्त दिसतो. पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवून बघा आणि कणा लागला तर या आठवड्यातच तपासून घ्या.